अचानक काम बदललं, आता नोकरीही जाणार? राजीनाम्यावर सही करण्याआधी हे समजून घ्या

"उद्यापासून मशीनवर नको, डिस्पॅचला बसा."

कारखान्यात दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला एखाद्या सकाळी असं सांगितलं जातं. पगार तोच, गेटपासही तोच. पण डिस्पॅचला आधीच तिघं असतात आणि चौथ्याला काम नसतं. दोन महिन्यांनी एचआरकडून बोलावणं येतं. समोर एक कागद सरकवला जातो. "राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड खराब होणार नाही."

या कागदावर सही केली, तर नेमकं काय हातातून जातं?

कोल्हापुरात हा प्रश्न आत्ताच का?

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या एमआयडीसींचा मोठा भाग फाउंड्री आणि मशिन शॉपवर चालतो. इथलं कास्टिंग वाहन उद्योगाला जातं. साध्या लेथची जागा सीएनसी आणि व्हीएमसी मशीनने घेतली. त्यात पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ब्लॉक लागतच नाही. त्यामुळे काम बदलणं अटळ आहे.

शहराला हा अनुभव नवा नाही. 1906 साली सुरू झालेली शाहू मिल 2003 मध्ये बंद पडली, तेव्हा कित्येक घरांचं गणित एकदम बदललं. आणि हे फक्त कारखान्यापुरतं राहिलेलं नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने मनुष्यबळ सुमारे 2 टक्क्यांनी, म्हणजे 12 हजारांहून अधिक जणांनी कमी करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा पुण्यात आयटीत असलेल्या मुलांच्या काळजीने गावाकडचे फोन खणखणले.

कंपनी मनाला येईल तसं काम बदलू शकते का?

काही प्रमाणात, हो. नेमणूकपत्रात बदलीची अट असेल तर विभाग किंवा ठिकाण बदलण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. म्हणून सगळ्यात आधी कपाटातलं नेमणूकपत्र शोधावं.

पण काही बदलांना कायद्याने लगाम आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली. पगार, कामाचे तास, शिफ्ट, ग्रेड यात बदल करायचा असेल किंवा नव्या तंत्रामुळे कामगार कमी होण्याची शक्यता असेल, तर कंपनीने कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हीच तरतूद होती.

बढतीचा सापळा

काम बदलताना कधी कधी पदाचं नाव मोठं होतं. ऑपरेटरचा 'शिफ्ट सुपरवायझर' होतो, घरी पेढे वाटले जातात. पण नव्या संहितेनुसार पर्यवेक्षकाचं काम करणारा आणि महिन्याला 18 हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारा कर्मचारी 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. तो बाहेर गेला, की कपातीची नोटीस आणि भरपाई हे संरक्षणही सुटतं.

दिलासा एवढाच, की न्यायालयं फक्त पदाचं नाव पाहत नाहीत. मुख्य काम काय होतं, हे पाहतात. सुपरवायझर म्हणवला जाणारा माणूस दिवसभर मशीनच चालवत असेल, कुणाची रजा मंजूर करत नसेल, तर तो 'कामगार' ठरू शकतो. आयटीतल्या कर्मचाऱ्यांबाबतही हाच निकष महत्त्वाचा ठरतो. म्हणून रोज केलेल्या कामाची नोंद जपून ठेवावी.

राजीनामा आणि कपात, फरक किती रुपयांचा?

बातम्यांत ज्याला 'लेऑफ' म्हणतात, त्याला कायद्यात 'कपात' म्हणतात. कायद्यातला 'ले-ऑफ' म्हणजे काम नसल्यामुळे तात्पुरतं घरी बसवणं. त्यात नोकरी कायम असते.

किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात करताना कंपनीने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा असतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यायचं असतं. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीही आहे. त्यातून आणखी 15 दिवसांचं वेतन कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवं.

समजा वेतन 20,800 रुपये आहे आणि सेवा 9 वर्षांची. साधारण हिशोब असा होतो:

- कपातीची भरपाई: 93,600 रुपये
- नोटीस न देता काढलं तर एक महिन्याचं वेतन: 20,800 रुपये
- पुनर्कौशल्य निधी: 10,400 रुपये
- ग्रॅच्युइटी: 1,08,000 रुपये

एकूण 2,32,800 रुपये. याच माणसाने राजीनामा दिला, तर यातली फक्त ग्रॅच्युइटी उरते. म्हणजे एका सहीची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. स्वेच्छेने दिलेला राजीनामा ही 'कपात' नसते, म्हणून हा फरक पडतो.

कधी कधी कंपनी राजीनाम्याच्या बदल्यात यापेक्षा जास्त रक्कम देऊ करते. तसं असेल तर वरचा हिशोब शेजारी ठेवून आकडा लेखी मागावा आणि मगच ठरवावं.

मग करायचं काय?

कामावर जाणं थांबवू नये. रागाने घरी बसलेल्या माणसावर गैरहजेरीची कारवाई करणं कंपनीला सोपं जातं. नवं काम स्वीकारावं, पण लेखी हरकत नोंदवून.

आदेश लेखी मागावा. तोंडी सांगितलं असेल, तर त्याच दिवशी ईमेल किंवा पत्र द्यावं. मजकूर साधा असला तरी चालतो: "आज मला तोंडी सूचना देऊन मशीन विभागातून डिस्पॅच विभागात काम करण्यास सांगितले आहे. माझे हक्क अबाधित ठेवून मी हे काम करत आहे. माझे पद, वेतन आणि सेवाज्येष्ठता यांत बदल होणार नाही, हे कृपया लेखी कळवावे." पत्र हाती देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

कागद घरी आणावेत. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, हजेरी, पीएफ पासबुक, वेतनवाढीची पत्रं. कंपनीचा ईमेल एका क्षणात बंद होऊ शकतो, त्यामुळे स्वतःच्या पत्रांच्या प्रती वेळीच काढाव्यात. कंपनीची गोपनीय माहिती मात्र उचलू नये. स्लिपवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, हेही पाहावं, कारण दाद कुणाकडे मागायची ते त्यावर ठरतं.

कोरा कागद किंवा जागेवर राजीनामा, दोन्ही नको. "घरी विचारून सांगतो" हे उत्तर पुरेसं असतं. दबाव आला, तर तोही त्याच दिवशी लेखी कळवावा.

कंपनीने पायऱ्या चुकवल्या तर?

एका प्रवर्गातले कामगार कमी करायचे असतील, तर शेवटी आलेल्याला आधी काढायचं, हा सर्वसाधारण नियम आहे. तो मोडायचा तर कारणं नोंदवावी लागतात. 300 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना, खाणींना आणि मळ्यांना कपातीआधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा 100 होती. कोल्हापुरातल्या अनेक लहान-मध्यम कारखान्यांना ही परवानगी लागणार नाही, पण नोटीस आणि भरपाई त्यांनाही चुकत नाही.

या पायऱ्यांना किती वजन असतं, हे मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी प्रकरणात दिसलं. कंपनीने 1992 मध्ये 98 जणांना कमी केलं. युनियन औद्योगिक न्यायालयात गेली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. फेब्रुवारी 2015 मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. सरकारला कळवणं आणि सेवाज्येष्ठता यादी लावणं या गोष्टी नियमाप्रमाणे झाल्या नव्हत्या, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पण 1992 ते 2015 ही 23 वर्षंही विसरता येत नाहीत. म्हणून तडजोडीची वाट आधी चोखाळणं शहाणपणाचं.

कोल्हापुरात जायचं कुठे?

पहिली पायरी कामगार आयुक्तालयाचं जिल्ह्यातलं कार्यालय. तिथल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामगार थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. नोकरी गेल्यापासून दोन वर्षांच्या आत हे करावं लागतं. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, त्यामुळे प्रकरण वर गेलं तरी दर तारखेला मुंबई गाठावी लागणार नाही.

वकिलाच्या फीचं काय? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

नोकरी गेलीच, तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, असं वेतन संहिता सांगते. आणि कपातीनंतर वर्षभरात कंपनीने त्याच कामासाठी भरती काढली, तर कमी केलेल्या कामगाराला प्राधान्य द्यावं लागतं.

डिस्पॅचच्या टेबलावर काम नसताना बसवलेल्या माणसाकडे एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. तो नव्या मशीनचा कोर्स शोधण्यात, दुसरीकडे विचारणा करण्यात आणि आपल्या कागदांची फाइल लावण्यात घालवावा. एचआरचं बोलावणं येईल तेव्हा ती फाइल तयार असली पाहिजे.