गोंदियात आधी काय : वीज, शाळा की पूल?

निवडणूक जवळ आली की उमेदवारांच्या आश्वासनांची यादी लांबत जाते आणि प्राधान्यक्रम मात्र हरवतो. साधने मर्यादित असताना साऱ्याच गोष्टी पहिल्या क्रमांकाच्या असू शकत नाहीत, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा होय. महाराष्ट्रातील आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटी रुपये झाला. मतदारसंघातील शंभरावर गावांत तो वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच लाखही येत नाहीत. तेव्हा उमेदवाराची खरी कसोटी निधी वाटण्यात नसून, शासनाच्या मोठ्या खर्चाला योग्य दिशा देण्यात आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा. येथील तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॉट आहे. तथापि केंद्र जवळ असल्याने शेतात वीज पोहोचत नाही; ती पोहोचते उपकेंद्र, वाहिनी आणि रोहित्र यांच्या बळावर. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज देण्याची योजना राज्याने लागू केली. परंतु दर शून्य झाला म्हणून पुरवठ्याचे तास वाढत नाहीत. उन्हाळी धानाला पाणी हवे असते ते नेमके विजेची मागणी शिगेला पोहोचते त्या दिवसांत. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शेतकऱ्याला रात्रीची पाळी आली, तर पाण्याबरोबर जिवाचाही विचार करावा लागतो. म्हणून मोफत विजेपेक्षा दिवसाची खात्रीची वीज ही अधिक मोलाची मागणी ठरते.

या प्रश्नाची दुसरी बाजू पाण्याची आहे. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, गाळाने भरले आहेत. तलावातून उताराने वाहणाऱ्या पाण्याला वीज लागत नाही. गाळ काढणे आणि पाट दुरुस्त करणे हेही ऊर्जेचेच धोरण आहे. मात्र जाहीरनाम्यात ते क्वचितच त्या मथळ्याखाली येते.

शिक्षणाच्या बाबतीत या भागाला मोठी परंपरा आहे. आमदार मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन करून ग्रामीण भागात शाळा-महाविद्यालयांचे जाळे विणले. आज प्रश्न उलट दिशेने उभा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार शिक्षण विभागाने २०२३ मध्ये पुढे आणला. हिशेबाने तो काटकसरीचा वाटेल; पण सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यातील मुलीला पावसाळ्यात नाला ओलांडता येत नसेल, तर वाचलेला खर्च तिच्या शिक्षणातून वसूल झाला असेच म्हणावे लागेल. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे मानले, ते याच कारणास्तव.

येथे तिन्ही प्रश्न एकत्र येतात. नाल्यावरचा पूल शाळेचाही असतो, दवाखान्याचाही आणि धान बाजारात नेणाऱ्या ट्रॅक्टरचाही. एकाच खर्चातून अनेक गरजा भागतात, तेथे तो आधी व्हावयास हवा. मतदारांनी उमेदवाराला यादी न मागता क्रम मागावा : कोणते काम पहिल्या वर्षी, कोणत्या खात्याच्या पैशातून, आणि त्यासाठी कोणते काम मागे ठेवणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो देईल, त्याने प्राधान्य या शब्दाचा अर्थ जाणला आहे, असे समजण्यास हरकत नाही.