पाटीवरचे गुरुजी

पाटीवर ‘कै.’ असतं, गुरुजींचं नाव असतं आणि उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव त्याहून ठळक असतं. महाड-पोलादपूरकडच्या एका शाळेत नववीच्या पोरांना विचारलं, हे गुरुजी कोण? ‘संस्थापक असतील,’ एवढंच उत्तर. त्यांच्या इतिहासाच्या बाईंनी मग शोधच काढायचा ठरवला. मीही मागे लागलो.

सुरुवात हेडमास्तरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटापासून. जनरल रजिस्टर हे कायम जपायचं दप्तर; पण महाडात सावित्रीचं पाणी दप्तर बघून थांबत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात भिजून सुकलेली पानं एकमेकांना चिकटली होती. शिपाईमामा पान ओढत नव्हते. पातळ पट्टी कडेनं हळूच सरकवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची. जुनी निळी-काळी शाई टिकली होती, अलीकडची पसरून गेली होती. गुरुजींचं अक्षर जुन्या शाईतलं, म्हणून वाचलं.

त्या अक्षरात निम्म्या वर्गाचा जन्म 1 जूनचा. आई-बापाला तारीख आठवेना, तर शाळेच्या सोयीची तारीख लिहून मोकळं व्हायचं, ही सगळीकडचीच रीत. शाळा सोडल्याचं कारण मात्र पानोपानी एकच: ‘मुंबईस गेला’. गिरण्यांनी या डोंगरातून किती पोरं उचलली, ते या एका रकान्यात दिसतं.

हल्ली हे कपाट वारंवार उघडतं, ते जातीच्या नोंदीसाठी. पडताळणीला अनुसूचित जातींना 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा. लोक बोट ठेवून जातीचा रकाना शोधतात. ती नोंद कोणी केली, हे विचारायला आलेली ही पोरं पहिलीच, असं शिपाईमामा म्हणाले.

पुढचा टप्पा माजी विद्यार्थ्यांचा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेत गुरुजी ‘ऋषितुल्य’ आणि ‘त्यागमूर्ती’ होते; त्याचा उपयोग शून्य. ‘गुरुजी कसे होते?’ विचारलं की म्हातारी माणसंही हेच बोलतात. बाईंनी प्रश्नच बदलले. छडी कशाची असायची? फी थकली तर काय व्हायचं? पाणी कोण भरायचं, वर्गात कोण कुठे बसायचं?

शेवटचा प्रश्न महाडात टाळता येत नाही. शिष्यवृत्ती मिळवूनही रामचंद्र बाबाजी मोरे यांना अस्पृश्य म्हणून इथल्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी झगडावं लागलं होतं. पुढे 1927 च्या चवदार तळ्याच्या परिषदेमागे तेच होते.

एक आजोबा म्हणाले, ‘सगळे एकाच बस्करावर.’ दुसरे म्हणाले, ‘आम्ही दारापाशी.’ मंडळाच्या कार्यकर्त्याला पहिलं उत्तर पुरेसं होतं, दुसरं ‘उगाच कशाला?’ बाईंनी दोन्ही लिहायला लावली, समोर सांगणाऱ्याची इयत्ता आणि साल. रजिस्टर काढून ताळा घेतला, तर दारापाशी बसणारे आजोबा सहा वर्षांनी आधीचे निघाले. म्हणजे मधे कधीतरी बैठक बदलली असेल. किंवा पहिल्या आजोबांना तेव्हा दाराकडे बघायची गरजच पडली नसेल. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते, बाईंना पहिली.

त्या सहा वर्षांतली ‘मुंबईस गेला’ शेऱ्याची नावं पोरांनी वेगळी उतरवून काढली आहेत. दिवाळीत मुंबईकर गावी येतील, तेव्हा त्यातलं कोण हयात आहे ते आधी विचारायचं आहे.