‘सुरवंट लागणे’ : ओळख आणि उपचार

आमच्या विभागातील विद्यार्थी बोलींच्या सर्वेक्षणासाठी खेडोपाडी जातात तो काळ बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धाचा असतो. आणि शेवग्याच्या खोडावर, एरंडावर, उसाच्या पाल्यावर केसाळ व काटेरी अळ्या दिसण्याचा काळही तोच. काही वर्षांपूर्वी अशाच एका दौऱ्याहून परतलेल्या एका विद्यार्थिनीच्या मानेवर व हातांवर तांबडे पुरळ उठले होते. शहरातील डॉक्टरांना तिने ‘अळी चावली’ असे सांगितले. डॉक्टरांनी साहजिकच दंशाची खूण शोधली. ती सापडली नाही. मलमाने खाज तेवढ्यापुरती शमे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उसळे. पाचव्या दिवशी तिची टिपणवही तपासताना प्रस्तुत लेखकास एक वाक्य आढळले. ती ज्या घरी उतरली होती तेथील वृद्ध बाई तिला म्हणाल्या होत्या, ‘ओढणी शेवग्यावर टाकलीस गं, सुरवंट लागला तुला.’ विद्यार्थिनीने हे वाक्य ‘लागणे’ या क्रियापदाच्या प्रयोगाचे उदाहरण म्हणून नोंदविले होते. निदान म्हणून नव्हे. ती ओढणी न धुता ती रोज गळ्यात घालीत होती. ओढणी धुतली गेली आणि आठवड्याभरात पुरळ मावळले.

या विकाराची ओळख पटण्यास ज्या दोन गोष्टी कळणे आवश्यक असते, त्या दोन्ही त्या बाईंच्या वाक्यात होत्या : संसर्गाचे स्थान आणि संसर्गाची रीत. काटा लागतो, ठेच लागते, खाजकुइली लागते, तसाच सुरवंट लागतो. लागणाऱ्या वस्तूने काही करावे लागत नाही. स्पर्श पुरेसा असतो. मराठीची सर्वच क्रियापदे इतकी काटेकोर आहेत असे मात्र कोणी समजू नये. विंचू नांगीने मारतो, तरी आपल्या बोलण्यात तो ‘चावतो’च. परंतु सुरवंटाच्या बाबतीत रूढ प्रयोग वस्तुस्थितीस धरून आहे, आणि तो टाकून ‘चावणे’ स्वीकारल्यास उपचाराची दिशा चुकण्याचा संभव असतो.

सुरवंट ही एखादी विशिष्ट जात नव्हे. पतंगवर्गीय कीटकांच्या केसाळ अळ्यांना आपण सरसकट हे नाव देतो. अळीचे जबडे पाने कुरतडण्यासाठी असतात. माणसाला होणारा त्रास तिच्या अंगावरील रोमांमुळे किंवा कंटकांमुळे होतो. लॅटिनमधील ‘इरुका’ म्हणजे अळी. त्यावरून वैद्यकात या विकारास ‘इरुसिझम’ अशी संज्ञा आहे. त्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रकार कंटकांचा. लिमॅकोडिडी कुलातील अळ्या आखूड, मांसल व बहुधा हिरव्या रंगाच्या असून त्यांच्या अंगावर काट्यांचे झुबके असतात. नारळ, आंबा, एरंड इत्यादींवर आढळणारी पॅरासा लेपिडा ही त्यांपैकीच एक. हे काटे पोकळ असून त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असते. टोक त्वचेत मोडले की द्रव आत उतरतो आणि तत्काळ आग होते. कातडी लाल होऊन गांधी उठते. काट्यांच्या रांगांचा ठसाही कधी कधी उमटलेला दिसतो. वेदना तीव्र असली तरी ती बहुधा काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत ओसरते.

दुसरा प्रकार सुट्या रोमांचा. शेवग्याच्या खोडावर थव्याने बसणारी युप्टेरोट मॉलिफेरा ही केसाळ अळी आपल्याकडे सर्वपरिचित आहे. केसाळ अळ्यांपैकी अनेकींचे बारीक रोम सहज सुटतात, वाऱ्याबरोबर उडतात, वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात आणि काही जातींच्या कातीत व कोशातही राहतात. त्यामुळे अळी दृष्टीस न पडताही पुरळ उठू शकते. येथे आगीपेक्षा खाज प्रधान असते. ती काही मिनिटांनी वा काही तासांनी सुरू होते, आणि रोम त्वचेत किंवा कपड्यांत राहिल्यास अनेक दिवस टिकते.

निदानात इतर विकारांशी घोटाळा होतो तो या दुसऱ्या प्रकाराचा. सुरवंटाचे पुरळ मान, हात, पोटऱ्या अशा उघड्या भागांवर किंवा कपडा घासतो तेथे, बारीक तांबड्या पुटकुळ्यांच्या पुंजक्यांनी उठते. अळी अंगावरून चालत गेली असल्यास त्यांची ओळही दिसते. अंगावर पित्त उठते तेव्हा प्रत्येक गांधी एका दिवसाच्या आत विरते व दुसरीकडे नवी उठते. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत आढळते आणि घरातील इतरांनाही होते. गजकर्णाचे कडे सावकाश पसरते. नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्याने येतात आणि बहुधा त्यांच्या आधी ठणका लागतो. खाजकुइलीच्या शेंगेवरील कुसळांचा परिणाम सुरवंटासारखाच होतो; तेथे रोगी कोठे वावरला हे विचारल्यावाचून गत्यंतर नाही. भिंगातून, तिरप्या उजेडात पाहिल्यास त्वचेवरील रोम पुष्कळदा दिसतात.

नावामुळे केवढा अनर्थ ओढवतो याचे उदाहरण २०२२ च्या पावसाळ्याअखेर महाराष्ट्रात घडले. उसावर व बांधावरील गवतावर आढळलेल्या लिमॅकोडिडी कुलातील अळीस ‘घोणस अळी’ हे नाव मिळाले. घोणस हा अतिविषारी सर्प. त्याचे नाव अळीला चिकटताच त्याचे भयही चिकटले. ही अळी ‘चावली’ की माणूस दगावतो, अशा वार्ता भ्रमणध्वनीवरून पसरल्या आणि शेतात पाऊल टाकण्यास लोक धजावेनात. काही शेतकऱ्यांना तीव्र वेदना झाल्या व उपचार घ्यावे लागले, हे खरे. परंतु ही अळी प्राणघातक नाही, असे कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांना वारंवार सांगावे लागले. वेदना अळीच्या काट्यांनी दिली होती. मृत्यूचे भय मात्र बव्हंशी नावाने दिले होते.

तथापि जगातील सर्वच अळ्या निरुपद्रवी आहेत असा उलटा निष्कर्षही काढू नये. दक्षिण ब्राझीलमधील लोनोमिया ऑब्लिका या अळीच्या कंटकांतील विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, शरीरात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यूही ओढवतो. तिच्यावरील प्रतिविष साओ पाउलो येथील बुतांतान संस्थेत तयार केले जाते.

उपचाराचे सूत्र एकच : आधी रोम काढणे, मग दाह शमविणे. अळी अंगावर असल्यास ती हाताने झटकू किंवा चिरडू नये. काडीने वा चिमट्याने उचलून दूर करावी. जागा चोळू नये, खाजवू नये. चोळल्याने रोम मोडतात व अधिक खोल जातात. चिकटपट्टी त्वचेवर हलकेच दाबून उचलावी आणि दर वेळी नवा तुकडा घेऊन असे अनेकदा करावे. नंतर साबण व वाहते पाणी वापरून, न घासता, जागा धुवावी आणि ती आपोआप सुकू द्यावी. अंगावरचे कपडे उतरवून वेगळे, गरम पाण्यात धुवावेत. हे झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, कॅलामाइन, आणि वैद्यकीय सल्ल्याने सौम्य स्टेरॉइड मलम किंवा खाजेवरील गोळी यांचा उपयोग होतो. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची रीत घरोघर आहे. परंतु येथे रोम जागेवर असताना काहीही चोळून लावणे म्हणजे कुसळ आत ढकलणे होय. चुन्यासारखा दाहक पदार्थ तर पोळलेल्या त्वचेस अधिकच इजा करील.

डोळ्याच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय पुरेसे नाहीत. काही रोमांना सूक्ष्म उलटे काटे असतात; पापण्यांच्या व बुबुळाच्या हालचालींबरोबर असा रोम पुढे पुढे सरकत डोळ्याच्या आत शिरतो. त्यामुळे गाठी येतात, दीर्घकाळ दाह राहतो आणि दृष्टीसही धोका पोहोचतो. ‘ऑफ्थॅल्मिया नोडोसा’ या नावाने हा विकार नेत्रवैद्यकात परिचित आहे. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. त्याचप्रमाणे श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, घेरी येणे, वारंवार वांती होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

सर्वेक्षणास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी वही व ध्वनिमुद्रकाबरोबर एक भिंग आणि चिकटपट्टीची गुंडाळी जवळ ठेवावी, एवढी विनंती आहे. दुसरी विनंती आपल्या विषयातली. निवेदकाचे वाक्य जसेच्या तसे टिपावयाचे, आपल्या शब्दांत बदलावयाचे नाही, हा नियम आपण भाषेच्या शुद्ध नोंदीसाठी पाळतो. आपल्याच अंगावर पुरळ उठल्यावर डॉक्टरांसमोरही तोच नियम पाळावा. त्या विद्यार्थिनीने वहीतले वाक्य वाचून दाखविले असते, तर तिचे पाच दिवस वाचले असते.