पालखीच्या वाटेवरची सावली

ज्येष्ठी पौर्णिमेला घरोघरच्या सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात आणि त्यानंतर सातव्या दिवशी, ज्येष्ठ वद्य सप्तमीला, तुकोबांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते. वृक्षांना सोयरे मानणाऱ्या संताची ही वारी वडाच्या पूजेपाठोपाठ निघावी, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु त्या वाटेवरील वडाला आपल्या कायद्यात कोणते स्थान आहे, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

बारामतीचा मुक्काम हलवून पालखी काटेवाडीत येते. तेथे धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि संध्याकाळी इंदापूर तालुक्यातील सणसरला मुक्काम होतो. पुढे बेलवाडीचे गोल रिंगण. नीरा डाव्या कालव्याने हा मुलूख हिरवा केला. भवानीनगरचा साखर कारखाना त्या हिरवाईवरच उभा आहे. परंतु ऊस कितीही उंच वाढला तरी त्याच्याखाली कोणी घोंगडी अंथरून विसावत नाही. पर्जन्यछायेतील या भागात आषाढाच्या तोंडाशी ऊन तापलेले असते, आणि वाळवंटाची ओढ लागलेल्या साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्यांना घोटभर पाणी आणि घटकाभर सावली एवढेच हवे असते. पाणी टँकरने आणता येते. सावली टँकरने आणता येत नाही.

या रस्त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पाटसपासून तोंडले-बोंडल्यापर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा हा मार्ग, आणि त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ, अशी ती योजना. आम्ही रस्त्याचे विरोधक नव्हे. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, एस.टी. आणि पायी चालणारी माणसे यांनी एकाच अरुंद पट्ट्यावर जीव मुठीत धरून वावरावे, असे कोण म्हणेल? त्याच समारंभात पंतप्रधानांनी लोकांकडे तीन गोष्टी मागितल्या, त्यांतली एक पदपथाच्या कडेला सावली देणारी झाडे लावण्याची होती. मागणी रास्तच होती. परंतु रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे आधी गेली, आणि नव्या झाडांची सावली पडण्यास एक पिढी जावी लागेल. तोवर वारकऱ्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही नकाशात नाही.

असे का व्हावे? कायदा नाही म्हणून नव्हे. कायदा आहे, पण तो वेशीपाशी थांबतो. महाराष्ट्राने १९७५ साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यान्वये शहरांत वृक्ष प्राधिकरण असते, वृक्ष अधिकारी असतो, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी लागते आणि परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जेवढे वय, निदान तेवढी नवी झाडे लावून सात वर्षे जगविण्याची अट घातली. शहरांत या कायद्याचे पालन कसे होते, हे बुंध्यापर्यंत आणून भिडविलेले काँक्रीट आणि खोडांत ठोकलेले जाहिरातींचे खिळे पाहून आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. तरीही तेथे निदान दाद मागण्याची जागा आहे.

बारामती नगरपरिषदेची हद्द ओलांडली, की इंदापूरची हद्द लागेपर्यंत तीही जागा उरत नाही. शहराबाहेर लागू पडतो तो १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा. त्याच्या अनुसूचीत साग आहे, आंबा आहे, चिंच, फणस, जांभूळ, मोह, चंदन, खैर अशी सोळा नावे आहेत. वड नाही, पिंपळ नाही, कडुलिंब नाही. ज्याला लाकूड म्हणून किंवा फळ म्हणून भाव आहे ते झाड कायद्याच्या नजरेस पडले. जे केवळ सावली देते ते पडले नाही. वड हा आपला राष्ट्रीय वृक्ष खरा, पण सणसरच्या शिवारातील वडाला ते राष्ट्रीयत्व काय कामाचे?

वास्तविक आपली परंपरा अशी नव्हे. अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे शिलास्तंभावर कोरून ठेवले, ते माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड तोडावेच लागले तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन मगच तोडावे, असा दंडक घातला आहे. राज्याच्या निकडीपुढेही झाडाला विचारले जात होते. २०२० साली मिरज तालुक्यातील भोसे येथे लोकांनी आवाज उठविला, तेव्हा एका जुन्या वटवृक्षासाठी रत्नागिरी–नागपूर महामार्गाची आखणी बदलण्यात आली. रस्ता वळविता येतो, असा याचा अर्थ. फक्त आखणीच्या वेळीच झाड मोजलेले असावे लागते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वड, पिंपळ, उंबर व कडुलिंब यांची नावे १९६४ च्या अनुसूचीत यावीत. वयावरून झाडाला मान देण्याचा शहरातील नियम राज्यातील प्रत्येक रस्त्याकडेच्या झाडाला लागू व्हावा. आणि गावांनीही सरकारची वाट पाहत बसू नये. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना ३३ ही वृक्ष नोंदवहीच आहे. ती ग्रामसभेने खरोखर भरावी. झाडाची जात, जागा, घेर आणि अंदाजे वय लिहून काढावे. शाळेतील मुलांना दोरी आणि पट्टी देऊन हे काम सांगितले, तर ती आनंदाने करतील. आम्ही अनेक वर्षे वर्गात उभे राहून शिकविले आहे, त्या अनुभवाने सांगतो, की ज्या झाडाचा घेर मुलाने स्वतः मोजला, ते झाड त्याच्यादेखत तोडणे कोणालाही सोपे जात नाही.

३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प या राज्याने २०१९ साली सोडला होता. कोटींचे आकडे सोडण्यात आपण कधीच मागे नव्हतो. आता लाविलेल्या रोपांचा आकडा बाजूला ठेवून जगलेल्या झाडांचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. पुढल्या आषाढात पालखी पुन्हा सणसरला येईल. तिच्या वाटेवर त्या वर्षी किती झाडे लावली, हे वारकरी विचारणार नाही. तो फक्त टेकायला सावली शोधील. आणि ती त्याला सापडली की नाही, यावरूनच आपल्या साऱ्या कायद्यांची व संकल्पांची परीक्षा होईल.