मुक्त प्रणाली आणि आपल्या घरचा संगणक

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल थांबविली. तिच्या पुढची विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर चढत नाहीं. त्यामुळें घरांतील धडधाकट संगणक मोडींत काढावा कीं काय, असा प्रश्न कित्येक पालकांपुढें उभा राहिला आहे. वास्तविक अशा यंत्रावर लिनक्स ही प्रणाली एक पैही न देतां घालतां येते. मग लोक ती कां घालीत नाहींत?

प्रणाली म्हणजे संगणकाच्या सर्व अवयवांकडून काम करवून घेणारा कारभारी होय. जी कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी प्रणाली रचण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं जाहीर केला. तिला गाभा तेवढा उणा होता. तो १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहिला. आज जगांतील अग्रगण्य पांचशें महासंगणक याच गाभ्यावर चालतात, व अँड्रॉइड फोनांतही तोच आहे. तेव्हां प्रणाली दुबळी, हें कारण खास नव्हे.

किंमतीचाही प्रश्न नाहीं. उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या तबकड्या तिचे प्रवर्तक २०११ पर्यंत मागेल त्यास टपालानें फुकट धाडीत असत. खरी गोष्ट अशी कीं, सामान्य मनुष्य प्रणाली निवडीतच नाहीं. दुकानांतून संगणक येतो तो प्रणालीसह. तिची किंमत यंत्राच्या किंमतींत मिसळलेली असल्यानें डोळ्यांस दिसत नाहीं. कांहीं ठिकाणीं तर चोरटी प्रतच घालून देतात (हें लपविण्यांत अर्थ नाहीं), आणि मग फुकटपणाचें आकर्षण तें काय उरणार?

बदल करूं म्हटलें तर पेन-ड्राइव्ह तयार करणें, यंत्र सुरू होतांना ठराविक कळ दाबणें, साठवणुकीचे भाग पाडणें, हें सारें आलें. त्यांत चूक झाली कीं लग्नमुंजींचे फोटो गेलेच! ही भीति खोटी नाहीं. शिवाय उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशीं अनेक नांवें ऐकून नवखा मनुष्य गोंधळतो. हिशेबनिसाचें टॅली लिनक्सवर सरळ चालत नाहीं. युनिकोडपूर्वींच्या टंकांत लिहिलेले मराठी कागद, ते टंक नसल्यास, निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसतात. छापयंत्रही कधीं कधीं रुसतें.

परंतु माझ्या मतें सर्वांत मोठी अडचण शेजारधर्माची आहे. कांहीं अडलें तर विचारावें कोणास? शेजारच्या दादाला विंडोज येतें, म्हणून आपणही तेंच ठेवितों. केरळांतील सरकारी शाळांत मुलें मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. तेथें आईवडिलांस विचारावयास घरांतच कोणीतरी असतें.

ज्यांना पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं आधीं फोटो व पत्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं. नंतर जाणत्याकडून लिनक्सचा पेन-ड्राइव्ह करवून घ्यावा. त्यावरूनच ती प्रणाली चालवून पाहतां येते, जुन्या प्रणालीस हात लावावा लागत नाहीं. आठ दिवस असें करावें, आणि छापयंत्र चालतें कीं नाहीं, तें पहिल्याच दिवशीं पाहून घ्यावें.