खानदेशातील वारे व वायुभार

सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा या डोंगररांगांमधील तापी खोऱ्याचे, विशेषतः धुळे व जळगाव जिल्ह्यांचे, हवामान दूरवरच्या वायुभार प्रदेशांवर अवलंबून असते. हिवाळ्यात वायव्य भारतावर वायुभार अधिक असतो. त्यामुळे खोऱ्यात जमिनीवरून येणारे कोरडे, मंद वारे वाहतात. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर त्यांच्या पिछाडीस थंड हवा दक्षिणेकडे उतरते. किमान तापमान सु. १०° से.खाली गेल्यास रावेर-यावल भागातील केळीची वाढ खुंटते.

एप्रिल-मेमध्ये जमीन तापून वायव्येस न्यूनभार क्षेत्र तयार होते. जळगावचे तापमान कधीकधी ४५° से.च्या वर जाते. उष्ण वाऱ्यांनी केळीची पाने फाटतात, म्हणून बागांभोवती शेवरी दाट लावून वाऱ्यास आडोसा करतात.

जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे याच न्यूनभाराकडे ओढले जातात. परंतु बरेचसे बाष्प सह्याद्रीवरच गमावल्याने वारा जोराचा व पाऊस बेताचा, अशी स्थिती उद्‌भवते. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर या वाऱ्यांपासून वीज निर्माण करतात.

जोरदार पाऊस प्रामुख्याने बंगालच्या उपसागरावरून मध्य प्रदेशमार्गे पश्चिमेस सरकणाऱ्या न्यूनभार प्रणालींमुळे पडतो. तापीही पश्चिमवाहिनी असल्याने पाऊस व पुराचा लोंढा एकाच दिशेने सरकतात आणि पूर तीव्र होतो. १९६८ मध्ये सुरतेस त्याचा मोठा तडाखा बसला. उलट, या प्रणाली उत्तरेकडूनच निघून गेल्यास खानदेशातील कोरडवाहू कापूस व ज्वारी ही पिके ऐन पावसाळ्यात सुकू लागतात.