सीमेवर अडलेली पुस्तके : ऑस्ट्रेलियातील प्रौढ प्रकाशनांचे नियमन

ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर उतरण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने ते नारिंगी प्रवेशपत्रक कधी ना कधी भरले आहे. आपले सारे लक्ष असते ते खाद्यपदार्थांच्या प्रश्नाकडे. लोणचे, मेतकूट, आईने बांधून दिलेले लाडू जाहीर करावेत की नाही, या विचारात पहिला प्रश्न घाईघाईने 'नाही' अशी खूण करून ओलांडला जातो. त्या पहिल्या प्रश्नात औषधे, शस्त्रे आणि अमली पदार्थ यांच्याच ओळीत आणखी एक वस्तू आहे : 'बेकायदेशीर' अश्लील साहित्य.

यातील 'बेकायदेशीर' हे विशेषण पूर्वी नव्हते. २००९ मध्ये पत्रकात 'पोर्नोग्राफी' एवढाच शब्द घालण्यात आला. जे मासिक सिडनीतल्या दुकानात उघडपणे विकत मिळते, तेच सामानात असेल तर अधिकाऱ्याला सांगणे भाग पडू लागले. पतिपत्नींच्या खासगी छायाचित्रांचे काय, असाही प्रश्न निघाला. टीका झाल्यावर २०१० मध्ये शब्दयोजना बदलली आणि 'बेकायदेशीर' हे विशेषण जोडले गेले. प्रवाशांची लाजिरवाणी अडचण त्यामुळे कमी झाली, परंतु मूळ प्रश्न अधिक ठळक झाला. एखादे प्रकाशन बेकायदेशीर आहे हे ठरवायचे कोणी, कोणत्या मापाने, आणि ते ठरण्यापूर्वी प्रवाशाने ते ओळखायचे कसे?

सीमाशुल्क खाते ग्रंथपरीक्षक कसे झाले?

याचे उत्तर १९०१ मधील राज्यघटनेत सापडते. ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले तेव्हा प्रकाशनांच्या नैतिकतेवर देखरेख करण्याचा स्वतंत्र अधिकार केंद्रीय संसदेला दिला गेला नाही. देशात छापल्या व विकल्या जाणाऱ्या साहित्याचे नियमन राज्यांच्या कायद्यांकडे आणि पोलिसांकडे राहिले. परराष्ट्र व्यापार आणि सीमाशुल्क मात्र केंद्राच्या हाती होते. त्याच वर्षीच्या सीमाशुल्क कायद्याने धर्मनिंदक, असभ्य आणि अश्लील साहित्याच्या आयातीस मनाई केली.

त्या काळी येथील वाचकांची बहुतेक पुस्तके ब्रिटनहून जहाजाने येत. त्यामुळे कागदावर केवळ आयातीचा असलेला हा अधिकार प्रत्यक्षात राष्ट्राच्या वाचनावरचा अधिकार ठरला. बंदरावर खोकी उघडणारा अधिकारी ग्रंथपरीक्षक झाला. त्याच्या हाती माप होते ते १८६८ च्या 'हिकलिन' खटल्यातले : ज्यांची मने अशा प्रभावांना बळी पडू शकतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय? म्हणजे सुजाण वाचकाला काय वाटेल याला महत्त्व नव्हते. सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकावरून सर्वांचे वाचन ठरत असे. ब्रिटिश अमलाखालील भारतातही हेच माप लागू झाले होते.

जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस' या कादंबरीचा प्रवास यादृष्टीने बोलका आहे. तिच्यावर १९२९ मध्ये बंदी आली, १९३७ मध्ये ती उठली, १९४१ मध्ये पुन्हा लादली गेली आणि १९५३ मध्ये पुन्हा सैल झाली. पुस्तक तेच होते. बदलत होते ते राजकीय वारे. ऑल्डस हक्सली यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरीही १९३२ पासून १९३७ पर्यंत अडवलेली होती. १९३३ मध्ये साहित्याच्या जाणकारांचे सल्लागार मंडळ नेमण्यात आले, तरी शेवटचा शब्द मंत्र्यांचाच राहिला. बंदी असलेल्या ग्रंथांची यादीही दीर्घकाळ जनतेपुढे आली नाही. काय वाचू नये हे नागरिकांना सांगितलेच जात नव्हते. पुस्तक येत नसे, एवढेच कळे.

१९५७ मध्ये या व्यवस्थेचे हसे झाले. जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीची आयात सीमाशुल्क खाते अडवत असताना तिची प्रत खुद्द संसदेच्या ग्रंथालयात असल्याचे उघड झाले. त्यानंतर यादीची छाननी झाली आणि १९५८ मध्ये ती प्रसिद्ध करण्यात आली. जप्त झालेल्या पुस्तकांच्या नमुनाप्रती सरकारने जपून ठेवल्या होत्या. राष्ट्रीय अभिलेखागारातील अशा शेकडो खोक्यांचा अभ्यास करून निकोल मूर यांनी २०१२ मध्ये 'द सेन्सर्स लायब्ररी' हा ग्रंथ लिहिला. ज्यांनी लोकांना वाचू दिले नाही, त्यांनीच निषिद्ध साहित्याचा एक मोठा संग्रह सांभाळला होता.

छापखान्याची पळवाट

बंदीचा आधार आयात हा असल्याने तिची दुबळी बाजूही तेथेच होती. पुस्तक देशातच छापले तर सीमाशुल्क खात्याचा त्याच्याशी संबंध उरत नसे.

डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीच्या प्रकाशकाला लंडनच्या न्यायालयाने १९६० मध्ये निर्दोष ठरवले. ऑस्ट्रेलियाने मात्र कादंबरी अडवलीच, शिवाय त्या खटल्याचा वृत्तान्त देणारे पुस्तकही अडवले. तेव्हा काही ग्रंथप्रेमींनी त्या वृत्तान्ताची पाने इंग्लंडहून पत्रांतून मागवली आणि १९६५ मध्ये ते सिडनीत छापून विक्रीस काढले. त्याच वर्षी मूळ कादंबरीवरील आयातबंदीही मागे घेण्यात आली.

फिलिप रॉथ यांच्या 'पोर्टनॉइज कम्प्लेंट' या कादंबरीच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. आयात बंद असताना पेंग्विनच्या ऑस्ट्रेलियन शाखेने १९७० मध्ये गुप्तपणे ७५,००० प्रती देशात छापून घेतल्या आणि पोलिसांना सुगावा लागण्याआधी त्या दुकानांत पोहोचवल्या. राज्याराज्यांत खटले उभे राहिले. व्हिक्टोरियात दोषसिद्धी झाली. न्यू साउथ वेल्समध्ये दोन वेळा ज्युरींचे एकमत होऊ शकले नाही. १९७१ मध्ये केंद्राने आयातबंदी उठवली. न्यायालयात लेखक, प्राध्यापक साक्षीला उभे राहत होते आणि वाचक दुकानांपुढे रांगा लावत होते. अशा स्थितीत बंदरावरची बंदी टिकवणे शक्य नव्हते.

बंदीकडून वर्गीकरणाकडे

१९७० च्या दशकाच्या आरंभी धोरणाची दिशा बदलली. प्रौढांना काय वाचावे याचे स्वातंत्र्य असावे आणि मुलांचे, तसेच ज्यांना असे साहित्य नको आहे त्यांचे रक्षण व्हावे, हा विचार लायनेल मर्फी यांच्या कारकिर्दीत सरकारी धोरण म्हणून पुढे आला. त्याला आजचे रूप मिळाले ते १९९५ च्या वर्गीकरण कायद्याने. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेली ही योजना केंद्र आणि राज्ये यांनी मिळून चालवायची आहे : निर्णय केंद्रीय मंडळाने द्यायचा, विक्रीवरील निर्बंध राज्यांनी अमलात आणायचे.

या योजनेच्या संहितेत चार तत्त्वे आहेत. प्रौढांना हवे ते वाचता, ऐकता, पाहता यावे. अल्पवयीनांचे हानिकारक साहित्यापासून रक्षण व्हावे. न मागता समोर येणाऱ्या आक्षेपार्ह साहित्यापासून सर्वांचे रक्षण व्हावे. आणि हिंसेला, विशेषतः लैंगिक हिंसेला, उत्तेजन देणाऱ्या किंवा माणसाला हीन लेखणाऱ्या चित्रणाविषयी समाजाला वाटणारी चिंता लक्षात घ्यावी. निर्णय देताना मंडळाने 'समंजस प्रौढांना सर्वसाधारणपणे मान्य असलेली' नीतिमूल्ये, साहित्यिक, कलात्मक वा शैक्षणिक मूल्य, प्रकाशनाचे स्वरूप आणि त्याचा अपेक्षित वाचक यांचा विचार करायचा असतो. हिकलिनच्या कच्च्या मनाच्या वाचकाची जागा अशा रीतीने समंजस प्रौढाने घेतली.

चित्रपटांप्रमाणे प्रत्येक पुस्तकाचे वर्गीकरण करून घ्यावे लागत नाही. जे प्रकाशन प्रौढांपुरते मर्यादित ठेवावे लागेल किंवा नाकारले जाईल अशी शक्यता आहे, तेच मंडळापुढे न्यावे लागते. त्यानंतर ते पुढीलपैकी एका वर्गात बसते :

- अनिर्बंधित : कोणालाही विकता येते, गरज भासल्यास '१५ वर्षांखालील वाचकांसाठी शिफारस नाही' अशी सूचना दिली जाते.
- निर्बंधित, श्रेणी १ : केवळ प्रौढांना, बंद वेष्टनातच विकता येते.
- निर्बंधित, श्रेणी २ : ज्या दुकानात अल्पवयीनांना प्रवेशच नाही, तेथेच विकता येते.
- वर्गीकरण नाकारलेले : विकता येत नाही आणि देशात आणताही येत नाही.

सीमेवरची तफावत

हीच कसोटी आयातीलाही लावली जाते. १९५६ च्या निषिद्ध आयात नियमावलीतील नियम ४अ मध्ये जवळजवळ हेच शब्द आहेत. लैंगिकता, अमली पदार्थ, गुन्हा, क्रौर्य, हिंसा यांचे समंजस प्रौढांच्या नीतिमूल्यांना धक्का देणारे चित्रण, बालकांचे लैंगिक चित्रण, तसेच गुन्ह्यास वा दहशतवादास चिथावणी देणारे साहित्य तेथे निषिद्ध आहे. परदेशात छापलेल्या आणि येथे छापलेल्या पुस्तकाला दोन मापे लावण्याचा जुना अन्याय तत्त्वतः संपला. व्यवहारात मात्र तीन फरक उरले आहेत, आणि आपल्यासारख्या सतत ये-जा करणाऱ्यांनी ते जाणून घ्यायला हवेत.

पहिला फरक जवळ बाळगणे आणि आणणे यांतला आहे. नाकारलेले प्रौढ प्रकाशन घरात असणे हा देशाच्या बहुतेक भागांत प्रौढ व्यक्तीचा गुन्हा नाही. पश्चिम ऑस्ट्रेलिया हा त्याला ठळक अपवाद. परंतु तेच प्रकाशन विमानातून किंवा टपालाने आणणे निषिद्ध आहे. बालकांच्या लैंगिक चित्रणाला मात्र कोठेही सूट नाही. ते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे आणि आयात केल्यास १० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चित्रकथेतील काल्पनिक पात्रेही या व्याख्येत येऊ शकतात. ज्या देशात एखादा चित्रकथासंग्रह उघड विकला जातो, तेथून तो मागवणाऱ्याने हे विसरू नये.

दुसरा फरक राज्याराज्यांतला. ब्रेट ईस्टन एलिस यांच्या 'अमेरिकन सायको' या १९९१ च्या कादंबरीला श्रेणी १ मिळाली. इतरत्र ती बंद वेष्टनात प्रौढांना मिळत असताना क्वीन्सलंडने तिच्या विक्रीलाच मनाई केली. २०१५ मध्ये अ‍ॅडलेडच्या एका पुस्तकांच्या दुकानात पोलीस पोहोचले, ते ही कादंबरी वेष्टनाविना मांडली होती म्हणून.

तिसरा फरक निर्णय कोणाचा, हा. दुकानातील पुस्तकाविषयी मंडळ सकारण निर्णय देते आणि त्यावर पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. सीमेवर पहिला निर्णय सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. तो मंडळाचे मत मागवू शकतो, पण दरम्यान वस्तू सरकारच्या ताब्यात जाते. जप्तीची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत मालकाने परत मिळण्यासाठी दावा केला नाही, तर वस्तूवरचा हक्क संपतो. एका पुस्तकासाठी कोर्टकचेरी कोण करणार? त्यामुळे पुष्कळशा जप्त्या कोणत्याही युक्तिवादाविना कायम होत असणार. हा नियम छापील कागदापुरता नाही. फोन, लॅपटॉप आणि त्यांतील फायलीही तपासता येतात.

वाद संपलेला नाही

मंडळाच्या हाती अधिकार गेल्याने प्रश्न मिटला, असेही नाही. माया कोबाबे यांचे 'जेंडर क्वीअर' हे अमेरिकी चित्रमय आत्मकथन क्वीन्सलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात होते. त्याविषयी तक्रार झाली आणि प्रकरण वर्गीकरणापर्यंत गेले. २०२३ मध्ये मंडळाने आणि नंतर पुनर्विलोकन मंडळाने ते अनिर्बंधित ठेवले. १५ वर्षांखालील वाचकांसाठीची सूचना तेवढी जोडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने पुनर्विलोकन मंडळाचा निर्णय रद्द केला. जनतेने पाठवलेल्या आक्षेपांचा नीट विचार झाला नाही, हे त्याचे कारण होते. पुस्तक अश्लील आहे असे न्यायालय म्हणाले नाही. निर्णयाची पद्धत सदोष आहे, एवढेच म्हणाले. हे महत्त्वाचे आहे. कारण येथे कारणे लेखी होती, म्हणूनच ती तपासता आली.

योगायोग असा, की त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढेही असाच प्रश्न होता. मूळचे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि मुंबईचे अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती ब्रिटनमधील लिलावांत विकत घेऊन भारतात आणल्या जात होत्या. २०२३ मध्ये मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्या अश्लील म्हणून अडवल्या आणि पुढे जप्तीचा व दंडाचा आदेश काढला. न्यायालयाने तो रद्द केला. नग्नता आणि अश्लीलता एक नव्हे. अधिकाऱ्याचे वैयक्तिक मत म्हणजे कायदा नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. 'लेडी चॅटर्ली' विकल्याबद्दल मुंबईच्या विक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये हिकलिनच्याच मापाने कायम केली होती. ते माप भारतीय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सोडले. सीमेवरच्या मेजावरून मात्र ते अद्याप पुरते हटलेले दिसत नाही.

म्हणून पार्सल मागवताना किंवा सामान भरताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : हे येथे विकता येते का, जवळ ठेवता येते का, आणि सीमेपलीकडून आणता येते का? तिन्हींची उत्तरे एक असतीलच असे नाही. संशोधनासाठी वा अध्यापनासाठी निषिद्ध साहित्य खरोखरच हवे असेल, तर आधी लेखी परवानगी मागण्याची तरतूद नियम ४अ मध्ये आहे. आणि वस्तू अडवली गेलीच, तर लाजेखातर गप्प न बसता सूचनेतील मुदत पाहावी. मुलांच्या रक्षणासाठी सीमेवर कठोर तपासणी हवी, याविषयी दुमत नाही. परंतु प्रौढांच्या वाचनाविषयी राज्यसंस्था जेव्हा 'नाही' म्हणते, तेव्हा तिने कारण लिहून द्यावे आणि ते तपासू द्यावे, एवढी अपेक्षा कोणत्याही समंजस प्रौढाने ठेवायला हरकत नसावी.